शेठ वालचंद हिराचंद आणि स्वदेशी मोटार

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हिंदुस्थानात मोटारी पुष्कळ धावत होत्या. परंतु त्या जवळजवळ सगळ्या परदेशांत घडलेल्या होत्या. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने 1928 मध्ये मुंबईत कारखाना काढला आणि त्यामागोमाग फोर्डही आली. कारखाना हा शब्द मात्र येथे थोडा फसवा होता. जहाजातून खोक्यांत भरून आलेले भाग उतरवायचे, ते जोडायचे, रंग चढवायचा आणि गाडी विक्रीला काढायची, एवढेच काम तेथे चाले. इंजिन समुद्रापलीकडून येई आणि नफा समुद्रापलीकडे जाई. या जोडकामाला मोटारनिर्मिती म्हणण्यास ज्यांनी ठाम नकार दिला, त्यांत सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव आघाडीवर होते.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील दिगंबर जैन. पण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात स्थिरावलेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा पिढीजात धंदा होता. शिक्षण सोलापुरात व पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले, परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या पेढीकडे वळावे लागले. त्या पेढीत त्यांचे मन फारसे रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदार झालेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारी केली. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ पत आणि धाडस होते. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्याशा कामापासून सुरुवात झाली; पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत मजल गेली. व्यापाऱ्याच्या मुलाने गिऱ्हाईक आणि व्याज सोडून दगड, सुरुंग आणि मजूर यांच्यात दिवस काढावेत, हे त्या काळी आप्तेष्टांना रुचले असेल असे वाटत नाही.

परदेशी प्रतिस्पर्ध्याशी त्यांची पहिली खरी झुंज मात्र समुद्रावर झाली. 1919 मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही बोट विकाऊ असल्याचे कळताच नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी ती विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. 5 एप्रिल 1919 रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. राष्ट्रीय सागरी दिन आजही याच तारखेला पाळला जातो. किनाऱ्यावरील वाहतुकीत तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. नवा स्पर्धक येताच तिने भाड्याचे दर पार खाली आणले. दीर्घकाळ तोटा सोसण्याची तिची ताकद होती, नवजात सिंदियाची नव्हती. अखेर 1923 मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार पत्करून आपल्या वाढीवर मर्यादा घालून घ्यावी लागली. वालचंदांनी या प्रकरणातून एक गोष्ट पक्की जाणली. मोठ्या परकीय कंपनीसमोर नवा देशी उद्योग केवळ चांगल्या मालाच्या बळावर उभा राहत नाही. सरकार कोणाच्या पाठीशी आहे यावर बरेच काही ठरते. पुढे मोटारीच्या प्रश्नात त्यांनी जी भूमिका घेतली, तिचे मूळ या अनुभवात सापडते.

मोटारीची कल्पना प्रथम मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. 1935 मध्ये युरोप व अमेरिकेतील कारखाने स्वतः पाहून आल्यावर त्यांनी मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याचा तपशीलवार आराखडा तयार केला. वृद्ध अभियंत्याचे गणित आणि पन्नाशी ओलांडलेल्या उद्योजकाचा उत्साह यांचा हा मेळ विलक्षण होता. 1937 मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्याने योजनेला अनुकूलता दाखवली आणि काही अटींवर भांडवलावरील व्याजाची हमी देण्याची तयारीही केली. परंतु आयात जकात आणि सरकारी खरेदी या दोन्ही किल्ल्या दिल्लीच्या हाती होत्या आणि दिल्लीने त्या फिरवल्या नाहीत.

1939 मध्ये वालचंद स्वतः अमेरिकेला गेले. फोर्डशी त्यांची बोलणी झाली, पण हिंदुस्थानची बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे सोपवलेली होती आणि येथे आधीच चालू असलेला जोडकामाचा धंदा सोडून प्रतिस्पर्ध्याला हात देण्यात तिला स्वारस्य नव्हते. जनरल मोटर्सकडूनही काही साधले नाही. राहिली क्रायस्लर. तिचा येथे कारखाना नव्हता, त्यामुळे गमावण्यासारखे काही नव्हते; तिने तांत्रिक साहाय्याचा करार केला. वालचंदांचा आग्रह एकच होता. ज्ञान बाहेरून घ्यावे, त्याची किंमतही मोजावी. मालकी व सूत्रे मात्र येथील लोकांच्या हाती राहावीत. याच प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून 1940 च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्माला आली. मोटारीसाठी निघालेला मनुष्य विमानाचा कारखाना घेऊन परतला, असे म्हणण्यासारखाच हा प्रकार होता.

मोटारीचे घोडे मात्र अडलेलेच राहिले. युद्ध सुरू झाले, सैन्याला वाहनांची निकड भासू लागली. तरीही या कारखान्याचा युद्धकार्याला उपयोग नाही, असे कारण सरकारने पुढे केले. यंत्रसामग्रीसाठी लागणारे डॉलर व जहाजांतील जागा द्यायला नकार मिळाला. म्हैसूर संस्थानाने भांडवलात वाटा उचलावा ही खटपटही वरून नकार आल्याने थांबली. सैन्यासाठी गाड्या येत राहिल्या त्या अमेरिकन आणि कॅनेडियन कंपन्यांच्या. बंगळूरचा विमान कारखानाही 1942 मध्ये सरकारने विकत घेतला. विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली होती. तेथील पहिले मोठे जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरायला मात्र 14 मार्च 1948 उजाडले. एवढ्या आघाड्यांवर एकाच वेळी शक्ती विखुरणे शहाणपणाचे होते का, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही पडावा. स्वभावाने ते घाईचे. एक काम मार्गी लागण्यापूर्वी दुसऱ्याची आखणी सुरू होत असे.

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स तोवर मैदानात उतरलेली होती. कुर्ल्याच्या त्या डॉज आणि डिसोटो गाड्यांचेही बहुतेक भाग आयातच होते. ज्या जोडकामावर वालचंदांनी टीका केली, त्यापासूनच त्यांनाही आरंभ करावा लागला. फरक होता तो हेतूचा. एकेक भाग येथे बनवत आयात कमी करत न्यायची, असा येथे संकल्प होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1949 मध्ये तयार मोटारींची आयात बंद झाली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, ज्यांच्याजवळ येथेच संपूर्ण गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी धंदा आवरावा, असे धोरण ठरले आणि फोर्ड व जनरल मोटर्स देश सोडून गेल्या. वालचंदांची मागणी अशा रीतीने पूर्ण झाली, पण ती उपभोगायला ते नव्हते. पक्षाघाताने खचल्यावर 1950 मध्ये त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले होते आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. मोटारीचा कारभार बंधू लालचंद यांच्याकडे गेला.

1922 च्या फिस्कल कमिशनने संरक्षणाबरोबर एक अट सांगितली होती. संरक्षित उद्योगाने कालांतराने कुबड्या टाकून जगाच्या स्पर्धेत उभे राहिले पाहिजे. ही अट पुढे विस्मरणात गेली. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यांनी ठरू लागले आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसू लागले. कुर्ल्याची फियाट 1100 इटलीत बंद झाल्यावरही येथे थोड्याफार फरकाने निघत राहिली. तिचे नाव तेवढे ‘पद्मिनी’ झाले. सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखानदार आणि कसबी कामगार या काळात तयार झाले, हे खरे. परंतु नवी गाडी घडवण्याची गरज कारखान्याला वाटेनाशी झाली. समुद्रावरील दरयुद्धात ज्याने प्रतिस्पर्ध्याचा ताप सोसला, त्या माणसाच्या कारखान्याला पुढे प्रतिस्पर्धीच उरला नाही, ही घटना चुटपुट लावून जाते. 1983 मध्ये सुझुकीच्या सहकार्याने मारुतीची छोटी गाडी रस्त्यावर आली आणि थोड्याच वर्षांत बाजार तिच्याकडे झुकला. सुझुकीने मात्र ज्ञानाबरोबर भागभांडवलातही वाटा घेतला होता आणि 2002 मध्ये बहुसंख्य मालकी तिच्याकडेच गेली. दरम्यान 1998 मध्ये टाटांची इंडिका आली. ज्ञान बाहेरून जमेल तेथून घ्यायचे आणि सूत्रे आपल्या हाती ठेवायची, ही वालचंदांची जुनी रीत तिच्या घडणीत पुन्हा दिसली.

पद्मिनीची निर्मिती नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. मुंबईच्या रस्त्यांवर तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्यानंतरही धावत होत्या. शेवटची टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.