नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस

नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर, १८५९ - १९३६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी, भूकंपमापन आणि हवामाननिरीक्षण या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्यांच्या कार्यकाळात कुलाब्याला भूकंपलेखक यंत्राद्वारे जमिनीच्या कंपनांची नोंद होऊ लागली. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांनी अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली आणि अनेक दशकांची नोंदमाला खंडित होण्यापासून वाचवली. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे त्यांनी सिद्ध केलेले दोन खंड १९१० मध्ये प्रकाशित झाले. भूचुंबकत्वाच्या अभ्यासात ते आजही संदर्भग्रंथ मानले जातात.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मूस यांचा जन्म मुंबईच्या पारशी समाजात झाला. त्यांच्या जन्माच्या सुमारे दोन महिने आधी, १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी, पृथ्वीवर एक अतितीव्र चुंबकीय वादळ आले होते. त्याची नोंद ज्या मोजक्या ठिकाणी झाली त्यांपैकी कुलाबा हे एक होय. मूस यांनी ज्या नोंदींची पुढे आयुष्यभर राखण केली, त्यांतच या वादळाची नोंद आहे.

मूस यांनी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली. हे शिक्षण त्या काळी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळत असे. १८५४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करण्याच्या हेतूने सुरू झालेली ही संस्था पुढे 'कॉलेज ऑफ सायन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही १८८३ मध्ये तेथूनच ही पदविका घेतली. पुणे आणि कुलाबा वेधशाळा यांचा संबंध त्याहून जुना होता. तरुण वयात कुलाबा वेधशाळेत नोकरी केलेले गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुढे पुण्यात अध्यापन केले.

त्यानंतर मूस स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळवली. एडिंबरा येथील रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन केले. मापनयंत्रे वापरताना त्यांना दोन्ही शिक्षणांचा उपयोग झाला. यंत्र कशावर उभे करावे, त्याचा पाया कसा घालावा, भिंती कोणत्या दगडाच्या असाव्यात हे स्थापत्याचे प्रश्न होते, तर यंत्राने दाखवलेल्या आकड्याचा अर्थ लावणे हा भौतिकशास्त्राचा.

कुलाबा वेधशाळा

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला ही वेधशाळा बांधली. तिचा मूळ हेतू खगोलीय वेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळवणे हा होता. १८४१ मध्ये तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली आणि १८४६ पासून ती नियमित झाली. आरंभी निरीक्षक ठरावीक वेळी दुर्बिणीतून टांगलेल्या चुंबकाची स्थिती वाचून वहीत लिहीत. पुढे, १८७० च्या दशकात, चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण फिरत्या छायाचित्रण-कागदावर पाडून अखंड आलेख घेण्याची पद्धत आली.

वेधशाळेचे दीर्घकाळ संचालक असलेले चार्ल्स चेंबर्स यांचे १८९६ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या जागी मूस यांची नेमणूक झाली. एवढ्या जबाबदारीच्या वैज्ञानिक पदावर त्या काळी भारतीय व्यक्ती नेमली जाणे विरळ होते. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. वेधशाळेच्या नोंदी मात्र सुरूच राहिल्या.

भूकंपमापन

१२ जून १८९७ रोजी आसाममध्ये मोठा भूकंप झाला. शिलाँग व आसपासच्या प्रदेशातील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या. या भूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी दूरच्या केंद्रांवरील आलेखांत तीन प्रकारच्या लाटा वेगळ्या ओळखल्या. मात्र हे आलेख परदेशातील होते. त्या वेळी भारतात भूकंपलेखक यंत्रांचे जाळे नव्हते. त्यानंतर थोड्याच काळात कोलकात्याचे अलीपूर, मुंबईचे कुलाबा आणि दक्षिणेतील कोडाईकनाल येथे मिल्न भूकंपलेखक बसवण्यात आले. कुलाब्याच्या यंत्राचे काम मूस यांच्या देखरेखीखाली चाले.

जपानमध्ये अनेक वर्षे काम केलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिल्न यांनी हे यंत्र तयार केले होते. त्यात ॲल्युमिनियमची हलकी दांडी एका खांबाला जवळजवळ आडवी टांगलेली असे. दार बिजागरीवर फिरावे तशी ती बाजूला झुले. जमीन हलली की खांब हले, दांडी मात्र जडत्वामुळे मागे राही. दांडीच्या टोकाशी असलेल्या फटीतून प्रकाशाचा ठिपका खालच्या छायाचित्रण-कागदावर पडे आणि दांडी व जमीन यांतील सापेक्ष हालचाल कागदावर उमटे. घड्याळाचा काटा दर तासाला प्रकाश क्षणभर अडवी, त्यामुळे आलेखावर वेळेची खूण आपोआप होई.

हे यंत्र दूरच्या भूकंपांच्या संथ लाटांसाठी बनवलेले होते. दांडीचा स्वतःचा आंदोलनकाल सुमारे पंधरा सेकंदांचा असे, तर लहान इमारतीचा आंदोलनकाल सेकंदाच्या अंशांत असतो. त्यामुळे घराच्या जलद कंपनांचा तपशील या यंत्रावर उमटणे शक्य नव्हते. शिवाय दांडीला अवमंदन नव्हते. मोठा धक्का बसला की जमीन थांबल्यावरही ती झुलत राही. जमिनीची हालचाल कोणती आणि यंत्राची स्वतःची कोणती हे आलेख वाचणाऱ्याला ओळखावे लागे. यंत्र चौथऱ्यावर उभारताना तो चौथरा खोलीच्या फरशीपासून अलग ठेवणे आवश्यक असे, नाहीतर माणसाच्या पावलांचा कंपही कागदावर उतरे.

कुलाब्याची भूकंपनिरीक्षणे इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावरील शाइड या गावी मिल्न यांच्याकडे जात. ब्रिटिश असोसिएशनच्या पुढाकाराने तेथे जगभरच्या केंद्रांची निरीक्षणे एकत्र करून परिपत्रकांच्या रूपाने प्रसिद्ध केली जात. पहिली आणि दुसरी लाट पोहोचण्याच्या वेळांतील अंतरावरून भूकंप किती दूर झाला हे काढता येते. तीन केंद्रांवरील अंतरे मिळाली की त्याचे स्थान ठरवता येते. या गणितात यंत्राच्या संवेदनक्षमतेइतकेच महत्त्व घड्याळाच्या अचूकतेला असते आणि वेळ राखणे हे तर कुलाबा वेधशाळेचे मूळचेच काम होते.

विजेची ट्राम आणि अलिबाग

मुंबईत ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विजेवर चालवण्याचा निर्णय झाला. विजेच्या ट्राममध्ये तारेतून आलेला एकदिश प्रवाह रुळांवाटे परत जातो, परंतु त्याचा काही भाग जमिनीत झिरपून वाट मिळेल तिकडे वाहतो. गाडी सुटते, थांबते, चढ चढते तसा हा प्रवाह क्षणोक्षणी बदलतो आणि त्याबरोबर त्याचे चुंबकीय क्षेत्रही बदलते. पृथ्वीच्या क्षेत्रातील अतिसूक्ष्म फरक टिपणाऱ्या यंत्रांना हा गोंगाट झाकून टाकतो. टोरांटोची चुंबकीय वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर हलवावी लागली होती. लंडनजवळील क्यू येथील चुंबकीय कामही पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे गेले.

कुलाब्यातील काम जागा बदलून पुढे चालवणे पुरेसे नव्हते. दोन ठिकाणची चुंबकीय तीव्रता आणि दिशा कधीच तंतोतंत सारखी नसते. जुने केंद्र बंद करून नवे सुरू केले, तर आकड्यांत पडलेला फरक पृथ्वीत झालेल्या बदलामुळे की जागेच्या बदलामुळे हे कोणालाही सांगता आले नसते. तसे झाले असते तर १८४६ पासूनच्या नोंदी आणि नव्या नोंदी या दोन असंबद्ध मालिका ठरल्या असत्या.

मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड केली. हे ठिकाण कुलाब्याच्या पुरेसे जवळ असल्याने दोन्हीकडच्या नोंदींची तुलना शक्य होती आणि ट्रामच्या प्रवाहापासून ते सुरक्षित होते. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणण्यात आला. कोकणातील काळा बेसाल्ट अशा कामाला चालत नाही, कारण त्यात चुंबकीय खनिजे असतात. बांधकामात लोखंड टाळण्यात आले. यंत्रांच्या खोलीतील तापमान शक्य तितके स्थिर राहील अशी रचना करण्यात आली, कारण उष्णतेने चुंबकाची शक्ती बदलते आणि तो बदल आलेखात पृथ्वीच्या बदलासारखाच दिसतो.

अलिबागच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर १९०६ पर्यंत दोन्ही वेधशाळांत एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. या समांतर काळातील आकड्यांवरून दोन जागांमधला फरक निश्चित झाला आणि मगच कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबवण्यात आली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. तोपर्यंत नोंदमाला सुखरूप अलिबागला पोहोचली होती.

साठ वर्षांच्या नोंदींचे खंड

स्थलांतरानंतर मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील सर्व चुंबकीय निरीक्षणांचे संकलन पूर्ण केले. १९१० मध्ये ते दोन भागांत प्रसिद्ध झाले. पहिल्या भागात यंत्रांची माहिती आणि आकडेवारी असून दुसऱ्या भागात तिची चर्चा आहे. या काळात यंत्रे आणि पद्धती बदलल्या होत्या, त्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ घालणे हाच कामाचा मोठा भाग होता. साठ वर्षांत सूर्यावरील डागांची सुमारे अकरा वर्षांची पाच आवर्तने येतात. त्यामुळे सूर्य आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा संबंध तपासण्यास ही सामग्री विशेष उपयोगी ठरली.

चुंबकीय वादळांच्या विश्लेषणाची मूस यांची पद्धत महत्त्वाची मानली जाते. एकेक वादळ पाहिले तर ते अनियमित दिसते. मूस यांनी अनेक वादळांच्या नोंदी घेऊन प्रत्येकाची वेळ घड्याळाऐवजी वादळाच्या आरंभापासून मोजली आणि त्यांची सरासरी काढली. त्यातून एक ठरावीक आकृती पुढे आली. क्षेत्राची क्षितिजसमांतर तीव्रता आरंभी किंचित वाढते, नंतर काही तासांत बरीच घटते आणि मग काही दिवसांत हळूहळू पूर्ववत होते. सिडनी चॅपमन आणि इतर शास्त्रज्ञांनी पुढे याच धर्तीवर चुंबकीय वादळांचा अभ्यास विस्तारला.

उत्तरायुष्य

मूस यांनी दोन दशकांहून अधिक काळ वेधशाळेचे नेतृत्व केले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे. कुलाबा व अलिबाग मिळून होणारी चुंबकीय नोंदमाला जगातील सर्वांत दीर्घ नोंदमालांपैकी एक आहे. या वेधशाळांच्या कार्यातून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे स्थापन झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेल येथे आहे. १८५९ च्या वादळाच्या कुलाब्यातील नोंदींचे २००३ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. त्यानुसार तेथील क्षितिजसमांतर तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटली होती. अशा वादळामुळे आज वीजवाहिन्या आणि उपग्रह यांना काय धोका संभवतो, याचा अंदाज घेताना हा आकडा वापरला जातो.

भूकंपमापनाची परंपराही पुढे चालू राहिली. कुलाबा वेधशाळेचे नंतरचे संचालक सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी समुद्रातील वादळी हवामानामुळे जमिनीत उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्मकंपनांचा अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरमधील त्याची इमारत अजूनही 'सिमला ऑफिस' या नावाने ओळखली जाते. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने कोयना परिसरात भूकंपनिरीक्षण केले. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात धरणाच्या आत बसवलेल्या त्वरणलेखकाने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके कमाल त्वरण नोंदवले. काँक्रीटच्या मोठ्या बांधकामाने तीव्र भूकंपात अनुभवलेल्या हालचालीची ही मोजदाद जगभर अभ्यासली गेली.

इमारती आणि पूल यांची कंपने मोजण्यासाठी आता नखाएवढे त्वरणमापक वापरले जातात. त्यांना जोडलेला मायक्रोकंट्रोलर दर सेकंदाला शंभर किंवा अधिक वाचने घेऊन ती बिनतारी संदेशाने पाठवू शकतो. छायाचित्रण-कागद गेला असला, तरी मापनाच्या अटी त्याच आहेत. संवेदक बांधकामाला घट्ट जोडलेला असावा लागतो, निरनिराळ्या मजल्यांवरील संवेदकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात आणि तापमानाचा व आसपासच्या गोंगाटाचा परिणाम वेगळा काढावा लागतो. यंत्र बदलताना जुने व नवे काही काळ शेजारी चालवावे लागतात. कुलाबा आणि अलिबाग येथे १९०४ ते १९०६ या काळात घेतलेल्या समांतर नोंदी हे या शेवटच्या अटीचे भारतातील एक जुने आणि यशस्वी उदाहरण आहे.