ल्युसी विल्स

ल्युसी विल्स (१० मे, १८८८ – १६ एप्रिल, १९६४) या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा त्यांनी १९२८ पासून मुंबईत अभ्यास केला. हा विकार आहारातील एका अज्ञात घटकाच्या अभावामुळे होतो व यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. हा घटक प्रथम ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला गेला. पुढे त्याची ओळख फोलेट, म्हणजेच ब गटातील एक जीवनसत्त्व, अशी पटली. त्याच्या कृत्रिम रूपास फॉलिक ॲसिड म्हणतात.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

विल्स यांचा जन्म इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ झाला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज येथील शिक्षणानंतर १९०७ साली त्यांनी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला व वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना परीक्षेस बसू देत असे, परंतु पदवी देत नसे. १९१४ साली त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांनी केप टाउन येथे काही काळ परिचारिकेचे काम केले. तेथून परतल्यावर १९१५ साली त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. १९२० साली, वयाच्या ३२व्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. मात्र स्वतंत्र वैद्यकीय व्यवसाय न करता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात अध्यापन व संशोधन करणे पसंत केले.

मुंबईतील संशोधन

भारतातील वैद्यकीय सेवेत असलेल्या मार्गारेट बॅल्फोर यांच्या पुढाकाराने विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेने मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी हाती घेतली होती. विल्स यांचे काम त्याच चौकशीचा भाग होते. परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांनी प्रयोगशाळेचे काम केले.

मुंबईतील गरीब स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणी कामगार वर्गात, गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होत असे. रुग्णाच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, परंतु आकाराने मोठ्या दिसत. हीच लक्षणे ‘पर्निशियस ॲनिमिया’ या दुसऱ्या रोगातही आढळतात, म्हणून दोन्ही एकच असावेत असा समज होता. विल्स यांनी दोहोंतील भेद दाखवला. पर्निशियस ॲनिमियात जठरातील आम्ल तयार होणे बंद पडते. मुंबईतील रुग्णांत तसे आढळले नाही.

विकाराचे कारण जंतुसंसर्ग असावे काय, हेही तपासण्यात आले; परंतु त्यास पुष्टी मिळाली नाही. त्यानंतर विल्स यांनी आहाराकडे लक्ष वळवले. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची पाहणी केली. ज्यांच्या आहारात प्रथिने, भाज्या व फळे सर्वांत कमी होती, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये या रक्तक्षयाचे प्रमाण सर्वाधिक आढळले.

प्राण्यांवरील प्रयोग

या स्त्रियांच्या आहारासारखा आहार गाभण उंदरांना दिल्यावर त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि आहारात यीस्ट मिसळल्यास तो टळला. परंतु उंदरांना उवांमार्फत एक संसर्ग झाला होता व त्याचाही परिणाम रक्तावर होत असल्याने हे निष्कर्ष निःसंदिग्ध राहिले नाहीत. म्हणून विल्स यांनी हेच प्रयोग माकडांवर पुन्हा केले. त्यांपैकी एका अत्यवस्थ माकडाला ‘मार्माइट’ हा यीस्टचा अर्क दिल्यावर त्याच्या प्रकृतीत झपाट्याने सुधारणा झाली.

हाच अर्क रक्तक्षयग्रस्त स्त्रियांना देण्यात आला आणि त्यांनाही गुण आला. यकृताचा साधा अर्कही उपयोगी पडत असे. पण तो महाग होता. मार्माइट हे मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून बनत असल्याने स्वस्त होते. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. विल्स यांनी कुन्नूर व मद्रास येथेही संशोधन केले.

यकृताचा शुद्ध केलेला अर्क पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी होता. मुंबईतील रुग्णांवर मात्र त्याचा परिणाम होत नव्हता. यावरून शुद्धीकरणात नाहीसा होणारा एखादा वेगळा घटक यीस्टमध्ये व साध्या अर्कात असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले.

विल्स घटक व फॉलिक ॲसिड

१९४१ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे केले. १९४५ साली भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ले प्रयोगशाळेतील गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केल्याचे जाहीर केले. पर्निशियस ॲनिमियावरील यकृतातील गुणकारी घटक, जीवनसत्त्व ब-१२, हा १९४८ साली शुद्ध स्वरूपात मिळाला. दोन्ही घटक भिन्न असल्याचे विल्स यांचे अनुमान अशा रीतीने खरे ठरले.

पेशीविभाजनापूर्वी डीएनए तयार होण्यास फोलेट लागते. त्याच्या अभावी अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. म्हणून तांबड्या पेशी मोठ्या व संख्येने थोड्या राहतात. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या लिंफोसाइट पेशींनाही रोगजंतूंशी सामना करताना वेगाने विभाजित व्हावे लागते. त्यामुळे फोलेटच्या अभावाचा परिणाम रोगप्रतिकारशक्तीवरही होतो. फोलेटच्या कार्यात अडथळा आणणारे मेथोट्रेक्सेट हे औषध याच तत्त्वावर कर्करोगात व संधिवातात वापरले जाते.

उत्तरायुष्य

१९३० च्या दशकात विल्स रॉयल फ्री रुग्णालयात परतल्या. १९३७ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी या घटकाचे वेगळेपण अधिक स्पष्ट केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी विकृतिशास्त्र विभागात काम केले. १९४४ साली रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडल्याने या कामात खंड पडला होता. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी व दक्षिण आफ्रिका येथे पोषण व रक्तक्षय यांविषयीचे त्यांचे काम चालू होते. मजूर पक्षाच्या वतीने त्या लंडनमधील चेल्सी येथे नगरसेविका होत्या. त्या अविवाहित होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

गर्भधारणेपूर्वी व तिच्या आरंभी घेतलेले फॉलिक ॲसिड बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टाळते, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. भारतातील शासकीय आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या विनामूल्य दिल्या जातात. मुंबईलगतच्या विरार, वसई व पालघर परिसरातील केंद्रांचाही त्यांत समावेश होतो. १० मे २०१९ रोजी, विल्स यांच्या १३१व्या जयंतीनिमित्त, गूगलने त्यांच्यावर डूडल प्रसिद्ध केले.