पंडित भगवानलाल इंद्रजी

लोणावळ्याहून पुण्याकडे येतांना मळवलीचें स्टेशन आलें म्हणजे उजव्या हातास लोहगड व विसापूर हे किल्ले, आणि डाव्या हातास कार्ल्याचा डोंगर दिसतो. कार्ल्याच्या चैत्यगृहांत आमच्या बहुतेक वाचकांनीं पाऊल टाकलें असेल. तें सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद आहे. छताच्या लांकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षें टिकल्या आहेत. हें पाहून सर्वच चकित होतात. परंतु दारापाशीं व खांबांवर कोरलेल्या अक्षरांपुढें थांबणारे थोडे. त्या अक्षरांना ज्यांनीं बोलतें केलें, त्यांपैकीं एका विद्वानाचें हें अल्प चरित्र आहे.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ सालीं सौराष्ट्रांतील जुनागड येथें एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. संस्कृत घरच्या परंपरेनें आलें. कॉलेजाची पायरी मात्र ते कधीं चढले नाहींत. जुनागडाहून गिरनारास जातांना वाटेवर एक प्रचंड शिळा लागते. तिजवर सम्राट अशोक, रुद्रदामा व स्कंदगुप्त यांचे लेख आहेत. प्रिन्सेप साहेबांनीं १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला होता. त्या अक्षरांचा एक तक्ता या मुलाच्या हातीं पडला, आणि तो घेऊन तो शिळेपाशीं जाऊन बसूं लागला. पुढें फोर्ब्स साहेबांच्या शिफारशीनें १८६१ सालीं मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनीं त्यास आपल्याजवळ बोलावून घेतलें.

भाऊ दाजी हे मूळचे गोमंतकाकडील. दिवसा रोगी पाहावे आणि उरलेला वेळ प्राचीन इतिहासास द्यावा, असा त्यांचा क्रम. त्यांच्यासाठीं भगवानलाल अजिंठ्यापासून नेपाळापर्यंत हिंडले. लेखांच्या नकला करून त्यांनीं गुरूपुढें ठेवल्या. निबंध मात्र भाऊ दाजींच्या नांवानें प्रसिद्ध होत. १८७४ सालीं भाऊ दाजी निवर्तले, तेव्हां या शिष्याच्या श्रमाचा मोठा भाग गुरूच्या लौकिकांत मिसळून गेलेला होता. याबद्दल जगानें हळहळ केली असेल, आम्हांसही वाटते. पुढें त्यांनीं स्वतः काय केलें तें मात्र वाचकांनीं शेवटीं पाहावें.

कार्ल्याचे लेख रेव्हरंड स्टीव्हन्सन यांनीं पूर्वीं वाचले होते, पण त्या प्रारंभीच्या काळीं पुष्कळ चुका राहून गेल्या. भगवानलालांनीं बर्जेस साहेबांबरोबर पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या लेखांचा जो ग्रंथ १८८१ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत कार्लें, भाजें, बेडसें यांचे लेख आहेत. त्यांवरून कळतें कीं, या लेण्याचें जुनें नांव वलूरक, आणि चैत्यगृह पूर्णतेस नेणारा भूतपाल हा वैजयंतीचा शेठ होता. धेनुकाकट गांवच्या यवनांनीं खांब दिले. दाराचें काम सामी नांवाच्या सुताराचें. शेलारवाडीच्या डोंगरांत तर एका शेतकऱ्याच्या बायकोचें दान कोरलेलें आहे. राजांचीं नांवें बखरींत सांपडतात. सुताराचें नांव कोण टिपून ठेवतो? (आमच्या सहलींतील एका विद्यार्थ्यानें त्याच भिंतीवर कोळशानें आपलेंही नांव लिहिलें होतें. तें आम्हीं त्याच्याकडूनच पुसविलें.)

कार्ल्याचा एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नांवाच्या भिक्षूचा आहे. त्या सोपाऱ्यास, वसईजवळ, भगवानलालांनीं १८८२ सालीं एक पडका स्तूप उकरला. आंत दगडी करंडा निघाला. त्यांत तांब्याची डबी, भोंवतीं आठ लहान मूर्ति, आणि डबीच्या आंत एकांत एक अशा डब्या. शेवटच्या सोन्याच्या डबींत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असें त्यांनीं अनुमान केलें. त्याच वर्षीं अशोकाच्या शासनाचा एक तुकडाही तेथें मिळाला.

त्यांस इंग्रजी सफाईनें लिहितां येत नसे; ते गुजरातींत लिहीत आणि बूलर साहेबांसारखे मित्र त्याचें भाषांतर करीत. तरीही १८८४ सालीं हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. १६ मार्च १८८८ रोजीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, मुंबईस त्यांचा अंत झाला. मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष त्यांनीं ब्रिटिश म्युझियमास दिला. आपलीं हस्तलिखितें एशियाटिक सोसायटींत भाऊ दाजींच्या हस्तलिखितांशेजारीं ठेवावींत, आणि त्यांवर आपला उल्लेख भाऊ दाजींचा शिष्य असा करावा, अशी त्यांची इच्छा होती.