थोरांची ओळख : चित्रकार आबालाल रहिमान

बालमित्रांनो, चित्रकलेचा तास आला की आपल्यातले कितीतरी जण हिरमुसतात. शेजारच्याच्या पेटीत चोवीस रंग, आपल्या पेटीत बाराच. मग आपलं चित्र कसं चांगलं येणार, असं वाटतं. अशांनी आबालाल रहिमान यांचं चरित्र जरूर वाचावं.

आबालाल यांचा जन्म कोल्हापूरचा. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या प्रती हाताने लिहिण्याचं काम चालत असे. त्यामुळे सुबक अक्षर त्यांनी लहानपणापासून पाहिलं. पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. एवढं नाव झाल्यावर मुंबईत राहून पैसा मिळवता आला असता. पण ते आपल्या गावी परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

तरी त्यांचं मन दरबारापेक्षा कोटीतीर्थ तळ्याच्या काठीच जास्त रमायचं. तळं, झाडी, रंकाळ्याचा संध्यामठ हे त्यांनी रंगवलं. जागा तीच, पण सकाळचा उजेड वेगळा आणि दिवस मावळतानाचा वेगळा, हे ते बारकाईने पाहत. राहणी अगदी साधी. झाडपाला, माती, दगड यांपासून ते स्वतःच रंग करीत, असे सांगतात.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली आबालालही गेले. उरलेल्या चित्रांवरून त्यांची थोरवी कळते.

आता आपल्या पेटीचं बघू. दुकानात पेस्टल मागितलं की बहुधा तेलकट खडू हातात पडतात. ते गुळगुळीत असतात आणि कागदाला चिकटून बसतात. मऊ पेस्टल निराळे. रंगाची पूड, खडूची भुकटी आणि थोडासा डिंक एवढ्यावरच ते वळलेले असतात. कागदावर एक रेघ ओढून बोट फिरवा. भुकटी बोटाला लागली आणि रंग सहज पसरला, तर ते मऊ पेस्टल समजावे. त्यांना जरा खरखरीत कागद लागतो. गुळगुळीत कागदावर पूड टिकत नाही. उडालेली पूड फुंकू नये, कागद उभा धरून हलकेच झटकावा.

रंग किती घ्यावेत? आधी शिवारात जाऊन बघा. आपल्या धाराशिव जिल्ह्यात काळं रान आहे, वाळलेल्या कडब्याचा पिवळा आहे, नळदुर्गच्या किल्ल्याचा काळा दगड आहे, पावसाळ्यातलं हिरवं आहे आणि वर निळं आभाळ. काळा, तपकिरी, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि पांढरा असले तरी सुरुवात होते. पांढरा मात्र हवाच. कारण या खडूत पाणी घालून रंग फिका करता येत नाही, पांढराच वर घासावा लागतो. पिवळ्यावर निळा घासला की हिरव्याच्या चार छटा आपोआप मिळतात.

तेव्हा मुलांनो, बारा रंगांची पेटी असेल तर तेवढीच घेऊन या रविवारी ओढ्याकाठी बसा. सकाळी एक चित्र काढा, संध्याकाळी तिथेच दुसरं काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.