डेव्हिड मार्शल विल्यम्स
डेव्हिड मार्शल विल्यम्स (जन्म : १३ नोव्हेंबर १९००, कंबरलँड काउंटी, नॉर्थ कॅरोलायना, मृत्यू : ८ जानेवारी १९७५, रॅले, नॉर्थ कॅरोलायना) हे अमेरिकन शस्त्रसंशोधक होते. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत असताना तुरुंगाच्या कार्यशाळेत त्यांनी स्वतःच्या हाताने बंदुका घडवल्या. रिमफायर काडतुसांवर नेमबाजीचा स्वस्त सराव शक्य करणारा तरंगता कक्ष आणि लघुप्रवासी दट्ट्या या रचनांसाठी ते ओळखले जातात. ‘कार्बाइन विल्यम्स’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत.

प्रारंभिक जीवन
विल्यम्स यांचे बालपण शेतकरी कुटुंबात गेले. आठवीनंतर त्यांनी शाळा सोडली व काही काळ लोहारकाम केले. वयाच्या पंधराव्या वर्षी ते अमेरिकी नौदलात भरती झाले. मात्र वय कमी असल्याचे उघड झाल्यावर त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे एका लष्करी शाळेतील त्यांचे शिक्षणही अपुरे राहिले. १९१८ मध्ये मॅगी कुक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रेल्वेत नोकरी करत असतानाच ते बेकायदा दारू गाळण्याच्या धंद्यात शिरले. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी लागू होती.

गुन्हा व शिक्षा
जुलै १९२१ मध्ये विल्यम्स यांच्या दारूभट्टीवर पोलिसांनी छापा घातला. त्या वेळी झालेल्या गोळीबारात उपशेरीफ अल पेट मारले गेले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्यानंतर विल्यम्स यांनी दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा गुन्हा कबूल केला. त्यांना वीस ते तीस वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी कॅलिडोनिया येथील तुरुंगशेतीवर करण्यात आली.

तुरुंगातील कार्यशाळा
तुरुंगाचे अधीक्षक एच. टी. पीपल्स यांनी विल्यम्स यांचे यंत्रकौशल्य हेरून त्यांना कार्यशाळेत काम दिले. पहारेकऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःच्या कल्पना कागदावर उतरवण्यास आरंभ केला. आई त्यांना बंदुकांविषयीची तांत्रिक माहिती व पेटंटच्या कामातील वकिलांचे पत्ते पाठवत असे. भंगारातील लोखंड, लाकूड आणि साधी हत्यारे एवढ्याच सामग्रीतून त्यांनी चार रायफली तयार केल्या. एका कैद्याला बंदूक बनवू देणे हा अधीक्षकांनी पत्करलेला मोठा धोका होता.

विल्यम्स यांची शिक्षा कमी व्हावी यासाठी कुटुंबीयांनी मोहीम चालवली. त्यांना शरण घेणारे शेरीफ आणि मृत पेट यांच्या पत्नी यांनीही या मागणीला पाठिंबा दिला. शिक्षेत सूट मिळून १९२९ मध्ये त्यांची सुटका झाली.

तरंगता कक्ष
रिमफायर काडतुसात पेट घेणारे संयुग बुडाच्या कडेत भरलेले असते. ०.२२ इंची रिमफायर काडतूस स्वस्त असून त्याचा आवाज व धक्का कमी असतो. म्हणून सरावासाठी ते सोयीचे ठरते. परंतु मोठ्या काडतुसासाठी बनवलेल्या स्वयंभरण शस्त्राचे जड भाग मागे ढकलण्याइतकी शक्ती त्यात नसते.

विल्यम्स यांनी काडतूस बसण्याचा कक्ष नळीपासून वेगळा केला व त्याला मागे-पुढे किंचित सरकण्याची मोकळीक दिली. गोळी सुटताच वायूचा दाब या कक्षाच्या रुंद पुढील भागावर पडतो. कक्ष वेगाने मागे सरकून यंत्रणेला जोराचा धक्का देतो. त्यामुळे छोट्या काडतुसावरही जड शस्त्र चालते आणि नेमबाजाला खऱ्या शस्त्राच्या धक्क्याची कल्पना येते.

सुटकेनंतर युद्ध खात्यासाठी काम करताना त्यांनी ब्राउनिंग मशीनगन ०.२२ काडतुसांवर चालवण्याची व्यवस्था केली. कोल्ट कंपनीच्या ‘सर्व्हिस मॉडेल एस’ या सराव पिस्तुलात आणि रेमिंग्टन कंपनीच्या ‘मॉडेल ५५०’ या रायफलीत हीच कल्पना वापरण्यात आली. ‘मॉडेल ५५०’मध्ये वेगवेगळ्या लांबीची ०.२२ काडतुसे कोणताही बदल न करता चालत.

एम१ कार्बाइन
विल्यम्स पुढे विंचेस्टर कंपनीत दाखल झाले. त्यांच्या लघुप्रवासी दट्ट्याची रचना एम१ कार्बाइनमध्ये वापरली गेली. यात वायूने ढकललेला दट्ट्या अत्यल्प अंतर सरकून पुढील भागाला टोला देतो व थांबतो. ऑक्टोबर १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने ही कार्बाइन स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धात तिचे साठ लाखांहून अधिक नग तयार झाले.

या शस्त्राचे संपूर्ण श्रेय अनेकदा एकट्या विल्यम्स यांना दिले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. दट्ट्याची कल्पना त्यांची असली, तरी प्रत्यक्ष कार्बाइन विंचेस्टरच्या अभियंत्यांच्या गटाने साकारली. एकट्याने काम करण्याची विल्यम्स यांची सवय या गटाशी फारशी जुळली नाही.

वारसा
१९५२ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘कार्बाइन विल्यम्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात जेम्स स्ट्युअर्ट यांनी मुख्य भूमिका केली. कार्बाइनचा एकमेव जनक ही विल्यम्स यांची प्रतिमा रूढ होण्यास या चित्रपटाचा हातभार लागला. त्यांची कार्यशाळा रॅले येथील नॉर्थ कॅरोलायना इतिहास संग्रहालयात जतन करण्यात आली आहे.