नागपूरच्या सरकारी कचेरीतून नोबेलपर्यंत: सी. व्ही. रामन

१९१० साली आष्टीपासून फार दूर नसलेल्या नागपुरात अर्थखात्याचा एक तरुण अधिकारी बदलून आला. दिवसा सरकारी हिशेब, उरलेल्या वेळात विज्ञान. हे होते १८८८ मध्ये तिरुचिरापल्लीत जन्मलेले चंद्रशेखर वेंकट रामन.

१९१७ मध्ये त्यांनी पक्की नोकरी सोडली आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. निर्णय धाडसाचा होता, पण तो सार्थकी लागला. रेणूंवरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, हे त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साथीने शोधलं. १९३० मध्ये नोबेल मिळालं. १९७० मध्ये बंगळुरूत त्यांचं निधन झालं.

आज कार्बन डायऑक्साइड याच प्रकाशातल्या दोन ठळक रेषांवरून ओळखतात. दाब वाढला की रेणूंच्या टकरी वाढतात आणि रेषा किंचित सरकतात. त्यावरून खडकात अडकलेल्या बुडबुड्यातल्या वायूची घनताही कळते.