'राजर्षि' पदवीचा अर्थ आणि श्रीमंत शाहू छत्रपती

कोल्हापूरचे शाहू छत्रपती ह्यांचे नाव आज महाराष्ट्रात कोणी नुसते घेत नाही. शाळेची पाटी असो, वसतिगृहाची असो वा सभेची निमंत्रणपत्रिका असो, नावाच्या आधी 'राजर्षि' हे पद असावयाचेच. ते इतके अंगवळणी पडले आहे की, ते महाराजांना कोणी दिले, कोठे दिले आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ काय, ह्याची विचारपूस सहसा होत नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की, ते एखाद्या पीठाच्या आचार्यांनी दिले असावे. वस्तुस्थिती निराळी आहे. हे पद एका ज्ञातिसंस्थेने आपल्या वार्षिक अधिवेशनात दिले, आणि तेही महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, गंगेच्या काठी. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे आम्हांस वाटले, त्याचे कारण हेच.

प्रथम शब्दाकडे वळू. राजा आणि ऋषि ह्या दोन शब्दांचा संधी होऊन 'राजर्षि' हा शब्द सिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांत ऋषींच्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत देवर्षि, ब्रह्मर्षि आणि राजर्षि ह्या मुख्य होत. नारद हे देवर्षि, वसिष्ठ हे ब्रह्मर्षि, आणि विदेह देशाचा राजा जनक हा राजर्षींचा मुकुटमणी. राज्य न सोडता ज्याने ऋषीचे ज्ञान व संयम मिळविला तो राजर्षि, असा ह्या शब्दाचा सरळ अर्थ आहे. उपनिषदांत तर राजे ब्राह्मणांस विद्या शिकवितानाही दिसतात. प्रवाहण जैवली आणि केकय देशाचा अश्वपती ह्यांच्याकडे उद्दालक आरुणीसारखा पंडित शिष्य होऊन गेला, ही कथा छांदोग्यात आहे. गीतेतही कर्मयोगाची परंपरा राजर्षींच्या हातून चालत आली असे सांगितले आहे.

परंतु ह्या शब्दाच्या इतिहासात विश्वामित्राची कथा आम्हांस सर्वांत बोलकी वाटते. वसिष्ठांकडून पराभव पावल्यावर तो क्षत्रिय राजा तपाला बसला. सहस्र वर्षांनी ब्रह्मदेव प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला राजर्षि म्हणून मान्यता दिली. विश्वामित्राला मात्र आनंद होण्याऐवजी लाज वाटली. एवढे तप करून एवढेच पद मिळाले, म्हणून तो खिन्न झाला आणि पुन्हा तपाला बसला. वसिष्ठांनी ब्रह्मर्षि म्हणून स्वीकारीपर्यंत त्याचे समाधान झाले नाही. ह्याच विश्वामित्राच्या नावावर गायत्री मंत्राचे द्रष्टेपण आहे. मुंजीत ज्या मंत्राचा उपदेश होतो आणि संध्येत ज्याचा नित्य जप होतो, तो मंत्र एका राजकुलातील पुरुषाला स्फुरला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कौटिल्याने ह्या शब्दाला तपोवनातून उचलून कचेरीत आणले. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात राजर्षीच्या वर्तनावर स्वतंत्र अध्याय आहे. काम, क्रोध, लोभ, मान, मद व हर्ष हे सहा शत्रू जिंकावे, वृद्धांच्या सहवासाने बुद्धी वाढवावी, परधनाला हात लावू नये, थाटमाटाचा वेष करू नये, आणि स्वतः उद्योग करून प्रजेचा योगक्षेम चालवावा, असे ते वर्णन आहे. तथापि राजाने सुखच भोगू नये असे कौटिल्य म्हणत नाही. धर्म आणि अर्थ ह्यांना बाध न आणता सुख घ्यावे, असे तो स्पष्ट सांगतो. कालिदासानेही शाकुंतलात एका ऋषिकुमाराच्या तोंडून हाच विचार वदविला आहे. प्रजेचे रक्षण करणारा राजा दररोज तपाचाच संचय करीत असतो, म्हणून मुनी हा पवित्र शब्द त्यालाही लागू पडतो, फक्त त्याच्या आधी राज हा शब्द येतो, असा त्या ठिकाणचा आशय आहे.

आता महाराजांच्या चरित्राकडे येऊ. त्यांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई, आणि जन्मनाव यशवंतराव. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे निवर्तले. पुढे १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईसाहेबांनी यशवंतरावांस दत्तक घेतले, आणि नऊ वर्षांच्या मुलास शाहू हे नाव व छत्रपती हे पद एकाच दिवशी मिळाले. छत्र हे राजत्वाचे चिन्ह. ते ज्याच्या मस्तकी तो छत्रपती. शिवप्रभूंनी १६७४ साली रायगडावर अभिषेक करून घेऊन हे पद स्वकर्तृत्वाने मिळविले होते. त्यांच्या वंशजांना ते वारशाने मिळाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली.

इंग्रज सरकारनेही पदव्यांचा वर्षाव केला. १८९५ साली जी. सी. एस. आय. हा किताब आला, १९०० साली महाराजा हे पद वंशपरंपरा मान्य झाले, आणि १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले असता केंब्रिज विद्यापीठाने एलएल. डी. ही पदवी अर्पण केली. ही सर्व अक्षरे दरबारी कागदांच्या शिरोभागी शोभत असत. आज ती किती जणांना आठवतात?

ह्याच वर्षांत महाराजांच्या आयुष्यातील मोठा कडू प्रसंग घडला. १८९९ च्या कार्तिक महिन्यात ते पहाटे पंचगंगेवर स्नानास जात असत. बरोबर मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. स्नानाच्या वेळी भटजी वेदमंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, हे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या नजरेस आणले. विचारणा करता, शूद्रांस वेदोक्ताचा अधिकार नाही, अशा अर्थाचे उत्तर भटजींनी दिले. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषास त्याच्याच राजधानीत, त्याच्याच वेतनावरील पुरोहिताने हे सांगावे! राजोपाध्ये वेदोक्त विधी करावयास अखेरपर्यंत राजी झाले नाहीत, तेव्हा १९०२ साली त्यांचे वतन जप्त झाले. वरपर्यंत अपिले झाली. ती फेटाळली गेली. विश्वामित्राच्या मंत्राचा अधिकार विश्वामित्राच्याच वर्णाला नाही, असा ह्या वादाचा चमत्कारिक मथितार्थ होता. वर्तमानपत्रांतून जे काही लिहिले गेले त्याची उजळणी येथे करण्याचे प्रयोजन नाही.

आमच्या मते महाराजांचे मोठेपण वेदोक्त जिंकण्यात नाही. स्वतःपुरता मंत्राचा अधिकार मिळवून ते स्वस्थ बसते, तर त्यांची गणना मानी संस्थानिकांत झाली असती, एवढेच. परंतु जी वागणूक राजालाही चुकली नाही ती प्रजेतील दुबळ्यांच्या वाट्यास किती येत असेल, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. राज्यारोहणाच्या वेळी कारभारातील ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागा एकाच ज्ञातीच्या हाती होत्या. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम काढला. पण हुकूम काढून शिकलेली माणसे थोडीच निर्माण होतात? म्हणून त्याच्या आगेमागे वसतिगृहे उभी राहिली. १९०१ साली मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, प्रभू अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांची सोय झाली, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातून पाठीवर शिदोरी बांधून आलेल्या मुलाला शहरात पथारी टाकावयास जागा मिळाली, ही तेव्हाची क्रांती होती. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम निघाला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

महाराज काही वल्कले नेसून बसलेले नव्हते. शिकारीचा नाद मोठा, कुस्तीचा त्याहून मोठा. १९१२ साली बांधलेले खासबागेचे मैदान आजही त्याची साक्ष देते. राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले तेही त्यांनीच. ऋषी म्हटला की कृश देह आणि मिटलेले डोळे मनात आणणाऱ्यास हा धिप्पाड, मनमोकळा पुरुष त्या पदाला विसंगत वाटेल. परंतु कौटिल्याचा राजर्षि असाच आहे.

आणि आता कानपूर. उत्तर हिंदुस्थानात कुर्मी म्हणून मोठा शेतकरी समाज आहे. आपण क्षत्रिय आहोत असे त्याचे म्हणणे होते, पण शास्त्री-पंडितांच्या लेखी ते मान्य नव्हते. कुर्मी आणि आपल्याकडील कुणबी हे एकाच मुळाचे, असा विश्वास त्या समाजात होता. अखिल भारतीय कुर्मी क्षत्रिय महासभेचे तेरावे अधिवेशन एप्रिल १९१९ मध्ये कानपूर येथे भरले, तेव्हा अध्यक्षपदी शाहू महाराजांस बोलाविण्यात आले. आपल्या भाषणात त्यांनी राजेपण बाजूस ठेवून शेतकऱ्यांतला एक म्हणून त्या समाजाशी नाते जोडले, आणि शिक्षणावाचून उन्नती नाही हे निक्षून सांगितले. त्याच अधिवेशनात महासभेने त्यांस 'राजर्षि' ही पदवी अर्पण केली.

ज्या समाजाचे स्वतःचे क्षत्रियत्व वादात होते, त्याने एका क्षत्रियास, ज्याचे क्षत्रियत्वही वादात ओढले गेले होते, ऋषीच्या पदावर बसविले. पंचगंगेच्या घाटावर जे नाकारले गेले त्याहून कितीतरी अधिक गंगेच्या काठी मिळाले, आणि ते देणारे हात नांगर धरणारे होते. विश्वामित्राला ह्या पदाची लाज वाटली, कारण त्याला मान्यता हवी होती ती वसिष्ठांची. महाराजांना तशी वाट पाहावी लागली नाही. वसिष्ठांऐवजी शेतकऱ्यांनी दिलेली मान्यता टिकली.

पद मिळाल्यानंतरची तीन वर्षे त्यांनी कशी घालविली, ह्यावरून त्या पदाची कसोटी होते. १९१९ सालीच त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले इतरांबरोबर बसविण्याचा हुकूम दिला. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा सेवक होता. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यास मार बसला. महाराजांनी मारणारांस शिक्षा केली, गंगारामास भांडवल देऊन चहाचे दुकान घालावयास लाविले, आणि मग आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून ते स्वतः चहा घेऊ लागले व बरोबरच्या बड्या मंडळींसही घेणे भाग पाडू लागले. गाडीतील कित्येकांच्या घशाखाली तो चहा कसा उतरला असेल, ह्याची कल्पना करून आम्हांस हसूही येते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली.

त्याच १९२० साली नाशिक येथे त्यांनी जातवार परिषदांविषयी जे विचार मांडले, ते आपल्यासारख्या संस्थेने टाळून चालणार नाही. मागे पडलेल्या ज्ञातीने आपल्या मुलांसाठी एकत्र यावे, हे त्यांस मान्य होते. त्यांनीच तर अशा संस्थांना जागा, पैसा व आश्रय दिला. परंतु अशा परिषदा हे साधन आहे, साध्य नव्हे. त्यांच्या योगाने जातीची भिंत अधिक उंच होऊ नये ह्याची खबरदारी घेतली पाहिजे, असा त्यांचा इशारा होता. आपण आपल्या वसतिगृहात किती परज्ञातीय मुले घेतली? आपले शिष्यवृत्तीचे अर्ज ज्ञातीबाहेरील गरजूस मिळतात काय? प्रतिवर्षी आपण शाल, श्रीफळ आणि ज्ञातिभूषणाचे मानपत्र देतो. ते घेणारे सज्जन योग्यच असतात, पण चौकटीची काच पुसण्यापलीकडे त्या पदवीचे पुढे काय होते? आमच्या लेखणीस हे प्रश्न कडू वाटतात, आणि कार्यकारिणीतील काही स्नेह्यांस ते आवडणार नाहीत, हेही आम्ही जाणून आहो.

महाराजांचा अंत ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे झाला. वय अवघे सत्तेचाळीस. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची पदे व तनखे कायद्याने संपुष्टात आले. विलायती किताब दफ्तरात गेले. 'राजर्षि' हे पद मात्र कोणत्याही सनदेवर अवलंबून नसल्यामुळे काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. मौज अशी की, कानपूरच्या विद्यापीठास १९९७ साली महाराजांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते छत्रपती शाहूजी महाराज विद्यापीठ असे झाले. ज्या नगरीने राजर्षि म्हटले तिने महाराष्ट्राचे छत्रपती हे पद उचलले, आणि आपण महाराष्ट्रात कानपूरचे पद उराशी धरून बसलो आहो.